जुन्या ॲम्प्लिफायरचे कपॅसिटर आणि पॉवर कॉर्ड कशी बदलावी

वीस-तीस वर्षे वाजलेल्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरमधून सतत घरघर येऊ लागली, खर्ज पोकळ झाला किंवा एक चॅनल गरम झाल्यावरच नीट वाजू लागला, तर संशयाची सुई आधी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरकडे वळते. बऱ्याचदा तो संशय खराही असतो. मात्र त्यावर उपाय म्हणून बोर्डवरचे सगळे कपॅसिटर एकदम उपटू नका. एखादा उलटा बसतो, एखादा पॅड (पाय सोल्डर करायचा बोर्डवरचा तांब्याचा ठिपका) उखडतो, आणि चाळीस जागा एका बैठकीत बदललेल्या असल्या की चूक नेमकी कुठे झाली ते सापडत नाही. मोजून ठरवा, थोडे थोडे बदला आणि मूळ किमतीच्या, म्हणजे धारकतेच्या मूळ आकड्याच्या, जवळ राहा. यंत्र बनवणाऱ्याने ती किंमत हिशेब करूनच निवडलेली असते.

इथली माहिती साधा ट्रान्सफॉर्मर असलेल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर, ट्यूनर, कॅसेट डेक आणि सीडी प्लेअरसाठी आहे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये ४०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी असू शकतो. स्विचिंग पॉवर सप्लायच्या पहिल्या कपॅसिटरवर, २३० व्होल्टच्या मेन्सवर, सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. उच्च व्होल्टेजवर काम करण्याची सवय नसेल तर ही दोन्ही जाणकाराकडे द्या.

दोष खरोखर कपॅसिटरचा आहे का?

घरघर दोन प्रकारची असते आणि दोन्हींची कारणे वेगळी असतात. ५० हर्ट्झच्या मेन्सवर पूर्ण रेक्टिफिकेशननंतर (एसीचा डीसी केल्यावर) उरणारा रिपल, म्हणजे डीसीवरचा चढउतार, १०० हर्ट्झचा असतो (६० हर्ट्झवर १२०). व्हॉल्यूम शून्यावर आणूनही ही किरकिरी घरघर तेवढीच राहिली, तर मुख्य फिल्टर कपॅसिटर वाळले असण्याची शक्यता मोठी. उलट आवाज खोल, ५० हर्ट्झचा असेल आणि सीडी प्लेअरची केबल काढताच थांबत असेल, तर तो अर्थिंगचा लूप आहे. तिथे कपॅसिटर बदलून काहीच साधणार नाही.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, तिच्यावर ऑक्साइडचा थर आणि द्रवात भिजलेला कागद असतो. रबरी बुचातून हा द्रव वर्षानुवर्षे उडत राहतो आणि उष्णतेने तो वेग वाढतो. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. ८५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर ४५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकतो. रोज ४ तास वापर धरला तर ती २२ वर्षे होतात. म्हणून तपासणीची सुरुवात हीटसिंक, रेग्युलेटर आणि जाड पॉवर रेझिस्टर यांना खेटून बसलेल्या छोट्या कपॅसिटरपासून करावी. मागच्या बाजूला, हवेशीर जागी उभे असलेले मोठे डबे अनेकदा अजून ठणठणीत असतात.

फुगलेला माथा किंवा बुडाशी ओघळ दिसला तर प्रश्नच मिटला. तसे काही दिसत नसेल तर ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, मोजणारा मीटर लागतो. नुसती धारकता मोजून फसगत होते, कारण मायक्रोफॅरड जवळपास बरोबर असतानाही आतला रोध दहापट वाढलेला असू शकतो. १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा निरोगी कपॅसिटर साधारण अर्ध्या ओहमच्या आत असतो. त्याच जागी ५ ओहम दिसले तर तो बाद समजावा. बोर्डवर बसलेला असताना समांतर जोडलेल्या दुसऱ्या कपॅसिटरमुळे खराब कपॅसिटरही चांगला दिसतो. शंका आली तर एक पाय सोडवून पुन्हा मोजा.

साठलेली वीज उतरवणे

प्लग भिंतीतून काढला तरी फिल्टर कपॅसिटर भरलेलेच असतात. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ५० व्होल्ट असतील तर १२.५ जूल ऊर्जा साठलेली असते. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट केले तर धातू वितळून उडतो. त्यासाठी १०० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या क्लिपा लावा आणि तो कपॅसिटरच्या दोन्ही टोकांवर १० सेकंद धरा. मग मल्टिमीटरने मोजा. १ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालू नका. बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये धन आणि ऋण अशा दोन रेल (वीजपुरवठ्याच्या ओळी) असतात. दोन्ही उतरवा. काही मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण मोठ्या कपॅसिटरवर थोडे व्होल्टेज आपोआप परत येते.

कोणते कपॅसिटर घ्यावे

धारकता तीच ठेवा. व्होल्टेज तेच किंवा एक पायरी वरचे चालते: ३५ च्या जागी ५०, ५० च्या जागी ६३. कमी कधीच नाही. तापमान १०५ अंशांचे घ्या. नवे कपॅसिटर जुन्यांपेक्षा आकाराने लहान असतात, त्यामुळे जागेची अडचण सहसा येत नाही. पायांमधले अंतर मात्र जुळायला हवे. ५ मिमी व्यासाला २ मिमी, ६.३ ला २.५, ८ ला ३.५, १० आणि १२.५ ला ५, १६ आणि १८ ला ७.५ मिमी असे अंतर प्रचलित आहे. दाबून बसवायच्या मोठ्या डब्यांचे पाय १० मिमीवर असतात. खरेदीआधी बोर्डवरची भोके मोजा. ताणून बसवलेल्या पायांमुळे बुडाचे रबर सैल होते आणि नवा कपॅसिटरही लवकर वाळतो.

मुख्य फिल्टरची धारकता वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. ४७०० मायक्रोफॅरडवर १ अँपिअर घेतला तर १०० हर्ट्झला रिपल जास्तीत जास्त २ व्होल्टच्या आसपास येतो. धारकता दुप्पट केली की तो निम्मा होतो, इथपर्यंत ठीक. पण मग ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज रेक्टिफायरमधून तोच प्रवाह अधिक तुटक, अधिक उंच झटक्यांनी वाहतो, आणि सुरू करतानाचा झटका फ्यूज उडवण्याइतका वाढू शकतो. २० ते ३० टक्के वाढ बहुतेक यंत्रे सहज पेलतात. त्यापुढे जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. नव्या कपॅसिटरचा रिपल करंट जुन्याइतका किंवा जास्त आहे ना, हे माहितीपत्रकात पाहा.

पॉवर सप्लायच्या छोट्या जागांसाठी कमी इम्पीडन्सची मालिका, उदाहरणार्थ पॅनासोनिकची एफआर, उत्तम. आवाजाच्या वाटेवर बसलेले १ ते २.२ मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक काढून तिथे ५ मिमी पायांचे पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर बसवता येतात. ते वाळत नाहीत. सगळ्या बदलांमध्ये हाच खरा लाभाचा. मात्र फार मोठ्या आकाराचे फिल्म कपॅसिटर लांब पायांवर उभे करू नका. ते अँटेनासारखे वागतात आणि हम (मेन्सची घरघर) ओढून घेतात. १० मायक्रोफॅरडच्या पुढे फिल्मचा हट्ट सोडून चांगला इलेक्ट्रोलिटिकच घ्या. फोनो (रेकॉर्ड प्लेअरच्या) विभागातल्या आणि टोन कंट्रोलच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरची धारकता तर मुळीच बदलू नका, कारण तिथल्या प्रत्येक आकड्यावर स्वरांचा तोल ठरलेला असतो.

स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये (खर्ज आणि तार स्वर वेगवेगळ्या स्पीकरकडे वाटणाऱ्या सर्किटमध्ये) ध्रुव नसलेले, म्हणजे बायपोलर, इलेक्ट्रोलिटिक असतात. त्यांच्या जागी फिल्म कपॅसिटर लावला की आतला रोध घटतो आणि ट्विटर किंचित मोठा, कधी कधी बोचरा वाजू लागतो. कपॅसिटर बिघडला म्हणून असे होत नाही. त्याच्या सिरीजमध्ये अर्ध्या ओहमच्या आसपासचा, ५ वॉटचा रेझिस्टर टाकला की मूळ तोल परत येतो.

बदलण्याचे काम

१. बोर्डचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो काढा. प्रत्येक कपॅसिटरचा ऋण पट्टा कोणत्या दिशेला आहे ते कागदावर लिहा. बोर्डवरच्या छापील खुणेवर विसंबू नका: काही बोर्डांवर रंगवलेली बाजू धन असते, काहींवर ऋण, आणि क्वचित छपाई चक्क चुकलेली असते. टँटलम कपॅसिटरवरची खूण धन टोकाची असते, हेही ध्यानात ठेवा.

२. जुन्या जोडावर आधी थोडे नवे सोल्डर चढवा, मग विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) ओढून घ्या. नव्या सोल्डरमधल्या फ्लक्समुळे जुना थर लवकर वितळतो. शिसेयुक्त सोल्डरला टोकाचे तापमान ३३० ते ३५० अंश पुरते. एका जोडावर ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ टोक ठेवू नका.

३. पाय वाकवून सोल्डर केलेले असतील तर आधी सरळ करा. कपॅसिटर हलकेच डोलवत काढा. जोर लावला की पॅड ट्रॅकसकट वर येतो, आणि एकाच बाजूला तांबे असलेल्या जुन्या बोर्डांवर हे हमखास घडते. पॅड गेलाच तर नव्या कपॅसिटरचा पाय त्याच ट्रॅकवरच्या पुढच्या जोडापर्यंत बारीक तारेने न्या.

४. खालची जागा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश करा. सोल्डरिंग करताना माशासारखा वास आला किंवा तांबे हिरवट-काळे दिसले, तर द्रव गळलेला आहे. तो पूर्ण निघेपर्यंत घासा, नाहीतर ट्रॅक कुरतडला जाईल. मोठ्या डब्यांच्या बुडाशी लावलेला तपकिरी गोंदही खरवडून काढा. उष्णतेने काळपट झालेला हा गोंद वीज वाहू लागतो आणि शेजारच्या भागांचे पाय गंजवतो.

५. नवा कपॅसिटर दिशा दोनदा पाहून बसवा. एक काढला की लगेच त्याच जागी एक लावा. पाच-सहा झाले की थांबून यंत्र तपासा.

पहिल्यांदा सुरू करताना

थेट मेन्सला जोडू नका. ६० वॉटचा तारेचा बल्ब फेजमध्ये सिरीजने जोडा. मोठ्या ॲम्प्लिफायरला १०० वॉटचा. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी आहे. स्पीकर काढून ठेवा, चष्मा लावा, चेहरा बोर्डपासून दूर. बल्ब क्षणभर प्रखर पेटून मंदावला तर ठीक. तो प्रखरच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा एखादा कपॅसिटर उलटा बसला आहे. लगेच बंद करा. उलटा कपॅसिटर आधी तापतो आणि मग फुटतो.

बल्ब मंदावल्यावर दोन्ही रेलचे व्होल्टेज जवळपास समान आहे का ते पाहा. मग बल्ब काढून यंत्र थेट जोडा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर स्पीकर जोडू नका, दोष शोधा. बायसचा प्रीसेट (आउटपुट ट्रान्झिस्टरचा स्थिर प्रवाह ठरवणारा छोटा स्क्रू) सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असल्याशिवाय फिरवू नये.

पॉवर कॉर्ड

महागड्या कॉर्डने आवाज सुधारतो या समजुतीला गणिताचा आधार नाही. १ चौरस मिमी तांब्याच्या लवचिक तारेचा रोध मीटरमागे जास्तीत जास्त १९.५ मिलिओहम असतो. दीड मीटर कॉर्डची जाण्या-येण्याची तार ३ मीटर, म्हणजे ५९ मिलिओहम. २ अँपिअरवर तिच्यात ०.१२ व्होल्ट पडतात. १.५ चौरस मिमीची कॉर्ड घेतली तर ०.०८. फरक ०.०४ व्होल्टचा, आणि मेन्सचे व्होल्टेज दिवसभरात त्याच्या कित्येक पट वरखाली होत असते. तो पैसा कपॅसिटरवर आणि मीटरवर घालवावा.

कॉर्ड बदलायची ती सुरक्षेसाठी: आवरण कडक होऊन तडे गेले, तांबे हिरवे पडले, प्लग कोमट होऊ लागला किंवा मधे टेप लावलेला जोड दिसला तर. काढता येणारी कॉर्ड असेल तर काम सोपे. तीन पिनांच्या सी१३ कनेक्टरला १ चौरस मिमीची, प्रमाणित शिक्का असलेली कॉर्ड घ्या. आठच्या आकड्यासारखी सी७ फक्त २.५ अँपिअरची असते.

कॉर्ड यंत्रात कायमची बसवलेली असेल तर रंग नीट पाहा. तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ ही आजची सर्वांत प्रचलित पद्धत. जुन्या लाल-काळ्या पद्धतीत काळा न्यूट्रल असतो, तर उत्तर अमेरिकेत काळाच फेज असतो. म्हणून रंगावर न जाता प्लगच्या पिनेपासून आतल्या टोकापर्यंत मीटरने खात्री करा. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला. अर्थची तार क्रिंप केलेल्या लगने, दातेरी वॉशर घालून, खरवडून उघड्या केलेल्या धातूवर स्वतंत्र बोल्टने आवळा. ती फेज आणि न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे कॉर्ड ओढली गेलीच तर सर्वांत शेवटी ती सुटेल. स्क्रूखाली जाणाऱ्या तारेच्या टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू चेपतो, स्क्रू सैल होतो आणि जोड तापतो. त्याऐवजी फेरूल, म्हणजे तारेवर दाबून बसवायची धातूची नळी, वापरा. कॉर्ड जिथे आत शिरते तिथे गाठ मारण्याऐवजी मापाचा पकड-ग्रोमेट बसवा.

चौकोनात चौकोन असे चिन्ह असलेले यंत्र दुहेरी इन्सुलेशनचे असते. त्याला अर्थ जोडायची गरज नाही. आणि अर्थ असलेल्या यंत्राचा अर्थ हम घालवण्यासाठी कधीही तोडू नका: ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले की सगळी पेटी फेजवर येते.

स्विचवर किंवा फेज-न्यूट्रलमध्ये लावलेला छोटा कपॅसिटर बदलायचा असेल तर तो एक्स२ दर्जाचाच (मेन्सवर सुरक्षित म्हणून प्रमाणित) हवा, आणि फेज ते पेटी असेल तर वाय२. साधा फिल्म कपॅसिटर, व्होल्टेज कितीही जास्त असले तरी, इथे चालत नाही. धातुलेपित कागदाचे जुने एक्स कपॅसिटर आवरणाला तडे जाऊन ओलावा शोषतात आणि एक दिवस धूर सोडतात, म्हणून ते दिसले की न मोजता काढावेत.

शेवटची तपासणी प्लग भिंतीत घालण्याआधी: प्लगची अर्थ पिन आणि पेटीचा धातू यांमधला रोध मीटरच्या तारांचा रोध वजा करून ०.१ ओहमच्या आसपास, आणि स्विच चालू ठेवून, एकमेकांना जोडलेल्या फेज-न्यूट्रल पिना आणि पेटी यांमध्ये ५०० व्होल्टच्या इन्सुलेशन टेस्टरवर किमान १ मेगाओहम.