नळी काढण्याआधीची सोनोग्राफी : या चुका टाळा

28 आठवड्यांतच जन्मलेलं, व्हेंटिलेटरवरचं बाळ. द्यावा लागणारा ऑक्सिजन 25 टक्क्यांवर, फुप्फुसांच्या सोनोग्राफीचा स्कोअर छान. श्वासनलिकेतली व्हेंटिलेटरची नळी काढली आणि रात्रीतच पुन्हा घालावी लागली. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काम करणाऱ्या कुणालाच अशी रात्र नवी नाही, तरी दर वेळी जीव तितकाच तुटतो. अनेकदा स्कोअर बरोबर असतो, आपण त्याला भलताच प्रश्न विचारलेला असतो.

2015 साली पॅरिसच्या डॉक्टरांनी सहा भागांचा, प्रत्येकी 0 ते 3 असा एकूण 18 गुणांचा स्कोअर मांडला (गुण कमी तितकी फुप्फुसं स्वच्छ), तो सर्फॅक्टंट हे फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध कुणाला लागेल हे ओळखायला. तिथला आकडा उचलून नळी काढायचा निर्णय घेऊ नका. दहा भाग तपासले तर एकूण गुण 30 होतात, म्हणून किती भाग पाहिले हे आधी विचारा. आणि त्या सहा भागांत पाठ नाही! उताणं झोपलेल्या बाळाची फुप्फुसं पाठीकडेच दबतात. सिस्टरांच्या मदतीने बाळाला हलकेच कुशीवर घ्या आणि मागूनही बघा. जेल मात्र कोमट हवं.

दुसरी चूक वेळेची. व्हेंटिलेटरचा दाब जास्त असताना फुप्फुसं उघडी दिसणारच. दाब उतरवल्यावर, बाळ स्वतः श्वास घेत असताना पुन्हा पाहा.

श्वासपटल मोजताना तर फार जपावं लागतं. मशीनच्या श्वासाने ते आपोआप खाली ढकललं जातं, ती बाळाची ताकद नव्हे. जाडीचंही तसंच. श्वास सोडताना 1.2 आणि घेताना 1.5 मिलिमीटर, म्हणजे वाढ 25 टक्के. घेतानाच्या मापात पडद्यावरचा कर्सर 0.1 मिलिमीटर पुढे सरकला की तीच 33 टक्के होते. एका श्वासावर विसंबू नका, तीन-चार श्वासांची सरासरी घ्या.

स्वच्छ फुप्फुसांचं बाळही श्वास घ्यायचं विसरतं, कारण मेंदू कोवळा असतो. श्वासाला चालना देणारं कॅफिन सुरू आहे का? झोपेचं औषध उतरलंय का? नळीमुळे घशाला आलेली सूज फुप्फुसांच्या चित्रात दिसत नाही.

नळी काढल्यावर बाळ धापा टाकू लागलं, तर तेच भाग पुन्हा तपासून आधीच्या चित्रांशी ताडून पाहा. पाठीकडे नवा घट्टपणा (हवा नसलेला भाग) दिसला तर सीपॅपचा, म्हणजे नाकावाटे सतत दिलेल्या हवेचा दाब आणि बाळाची झोपायची स्थिती बघा. सगळीकडे बी-रेषा (फुप्फुसातलं पाणी दाखवणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा) वाढल्या असतील तर डक्टस ही हृदयाजवळची, जन्मानंतर मिटणारी रक्तवाहिनी उघडी आहे का, ते इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पाहा. चित्र जसंच्या तसं असेल तर नाकातले प्राँग्ज (सीपॅपच्या छोट्या नळ्या), स्राव, घसा आणि अ‍ॅप्निया (श्वास मध्येच थांबणं) यांकडे वळा.