बोन मॅरोवर पीएचडी करताय? मग नमुना कितव्या ‘पुल’चा, म्हणजे सिरिंजच्या कितव्या ओढीचा आहे, हे आधी विचारा

नेट निघालंय, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप हातात आहे, रक्ताच्या स्टेम सेलवर (ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी तयार होतात त्या मूळ पेशींवर) काम करायचंय आणि घर ठाण्यात किंवा नवी मुंबईत आहे, अशा मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र, होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची पदवी, प्रवेश परीक्षा, मुलाखत ही माहिती तुम्ही काढलेली असणारच. ती पुन्हा देत बसत नाही. मी याच पट्ट्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत, रुग्णालयांतून येणाऱ्या मॅरोच्या, म्हणजे हाडातल्या मज्जेच्या, नमुन्यांवर काम करते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ये-जा, अजून थीसिस बाकी. म्हणजे सगळं पार पडल्यावरचा उपदेश नाही हा.

विषय ओढून घेतो, यात शंका नाही. १९६१ मध्ये टोरांटोत टिल आणि मॅकलक यांनी किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना मॅरोच्या पेशी टोचल्या. दहा-एक दिवसांत त्यांच्या प्लीहेवर गाठी दिसू लागल्या. यातली एकेक गाठ एकाच पेशीतून वाढते, हे त्यांच्या गटाने १९६३ मध्ये दाखवलं. आपल्याकडे पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये झालं. तुमच्या-माझ्या शरीरात रोज साधारण २०० अब्ज लाल पेशी तयार होतात, आणि त्यामागे मूठभर स्टेम सेल असतात. हे वाचून या विषयात यावंसं वाटलं, तर अगदी योग्य वाटलं.

आता जिथे मी अडकले ते सांगते, आणि सविस्तर सांगते, कारण हे प्रोटोकॉलच्या कागदावर नसतं.

मॅरो काढताना डॉक्टर कमरेच्या हाडात मागच्या बाजूने सुई घालतात आणि सिरिंजने ओढतात. पहिल्या ओढीला, म्हणजे फर्स्ट पुलला, जे एक-दोन मिलिलिटर येतं तो खरा मॅरो. त्यात मज्जेचे बारीक कणही दिसतात. त्याच जागी पुढे ओढत राहिलं की मज्जेतल्या बारीक रक्तवाहिन्यांमधून अंगातलं वाहतं रक्त सिरिंजमध्ये येऊ लागतं. फर्स्ट पुल स्लाइडसाठी आणि निदानाच्या तपासण्यांसाठी जातो. तो तिथेच गेला पाहिजे. पेशंटचं निदान आधी, आपला पेपर नंतर. यावर वाद घालणारा विद्यार्थी मला आवडत नाही. पण त्यामुळे संशोधनाच्या ट्यूबमध्ये येतो तिसरा किंवा चौथा पुल. लेबलवर ‘बोन मॅरो’ असतं, आत बरंचसं रक्त असतं.

याचा परिणाम बघा. सीडी३४ ही स्टेम सेल आणि त्यांच्या पुढच्या टप्प्यातल्या पेशींवरची खूण. मॅरोतल्या मोनोन्यूक्लिअर (एकसंध केंद्रकाच्या) पेशींमध्ये सीडी३४ असलेल्या पेशी साधारण एक ते तीन टक्के सापडतात. स्टेम सेल रक्तात उतरवणारं औषध न दिलेल्या माणसाच्या रक्तात त्याच्या दहावा हिस्साही नसतात. नमुन्यात रक्त मिसळलं की सीडी३४ चा आकडा खाली, बशीत त्यातून वाढणारे पेशींचे पुंजके म्हणजे कॉलनीही कमी. आणि आपण बसतो या आजारात स्टेम सेल का घटतात याची कारणं शोधत. आमच्या आकड्यांत अशी एक ‘घट’ बरेच महिने छान टिकून होती. आलेखही सुंदर होते. पुलचा क्रमांक समोर ठेवून नमुने वेगळे केले आणि ती घट विरून गेली. त्या आठवड्यातली अस्वस्थता अजून आठवते.

यात आणखी एक मेख आहे. नमुना आला की सवयीने आपण तो लगेच फिकॉलवर, म्हणजे पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रवावर, चढवतो. फिकॉलमध्ये लाल पेशी आणि परिपक्व न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) खाली बसून निघून जातात. नेमके हे परिपक्व न्यूट्रोफिलच रक्त मिसळल्याचा पुरावा असतात! फिकॉलनंतर तो पुरावा उरतच नाही. म्हणून आधी नमुन्यातले शंभर मायक्रोलिटर बाजूला काढा. सीडी१६ आणि सीडी१० या खुणांचे रंग लावून न्यूट्रोफिल किती पक्व आहेत ते बघा. केंद्रक असलेल्या लाल पेशी आणि अपक्व ग्रॅन्युलोसाइट या मज्जेच्या खुणा दिसतात का, तेही बघा. रक्तातून येणाऱ्या टी पेशींचं प्रमाण फार वाढलेलं असेल तर सावध व्हा. वहीत पुलचा क्रमांक, किती मिलिलिटर ओढले, ट्यूब हेपॅरिनची की ईडीटीएची (दोन्ही रक्त गोठू न देणारी), किती वाजता काढला, किती वाजता पोचला, हे लिहा. पुलचा क्रमांक माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा. रकाना रिकामा सोडू नका.

कंट्रोलचंही, म्हणजे तुलनेसाठीच्या निरोगी नमुन्याचंही तेच. निरोगी दात्याचा मॅरो म्हणून प्रत्यारोपणाच्या पिशवीतला उरलेला भाग मिळाला, की सगळे खूश. पण तिथे अनेक ओढी घेऊन मोठा साठा जमवलेला असतो, त्यात रक्त आलेलंच असतं. जीसीएसएफ हे वर म्हटलेलं औषध देऊन रक्तात उतरवलेल्या सीडी३४ पेशी तर अजूनच वेगळ्या. पेशंटच्या मॅरोशी त्यांची सरळ तुलना करू नका, गाइडने सांगितलं तरी.

गाइडवरून आठवलं. मोठ्या जर्नलांची यादी बघून गाइड निवडणं मला पटत नाही. जो माणूस महिन्यातून एकदा तरी वॉर्डात जातो, नमुना काढणाऱ्या रेसिडेंटला नावाने ओळखतो, त्याच्याकडे जा. आम्हाला रेसिडेंटनीच सुधारलं. त्यांना नीट विचारलं तर ट्यूबवर पुलचा क्रमांक टाकायला त्यांना काही सेकंद लागतात. आणि महागडं किट घेतलं की शुद्ध स्टेम सेल मिळतात, असं सांगणाऱ्या सिनियरचं ऐकू नका. सीडी३४ च्या किटमधून निघतात त्यातल्या बहुसंख्य पेशी पुढच्या टप्प्यावरच्या असतात. १४ दिवसांच्या कॉलनी तपासणीतही त्याच मोजल्या जातात. खऱ्या स्टेम सेलची परीक्षा उंदरात होते: पेशी टोचल्यावर किमान १६ आठवडे, मग दुसऱ्या उंदरात पुन्हा.

म्हणून स्पष्ट सांगते, दोन वर्षांत पेपर हवाच असेल तर दुसरा विषय घ्या. एथिक्स कमिटी, स्टेम सेल संशोधनाची संस्थात्मक समिती, उंदीर असतील तर प्राण्यांची समिती, या परवानग्यांतच सुरुवातीचे महिने जातात. ३७,००० रुपयांची जेआरएफ दोन वर्षं, मग ४२,००० ची एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप), आणि सगळं मिळून पाच वर्षं. ठाण्यात घर असेल तर निभतं. खारघरला भाड्याने राहायचं तर जोडीदार शोधा.

पण धीर सोडू नका. माझं पहिलं वर्ष कल्चर सुकण्यात आणि बुरशी काढण्यात गेलं आणि तरीही हात बसला. फ्लोचं गेटिंग, म्हणजे फ्लो सायटोमीटरच्या आलेखावर हव्या त्या पेशी वेगळ्या निवडणं, सुरुवातीला कुणालाच कळत नाही. सगळं येतं. गणित किंवा कोडिंग कच्चं असेल तरी येतं. बी.एस्सी. लहान गावातून केली म्हणून दबून राहू नका. नमुना वहीत नोंदवण्याची शिस्त शहरावर अवलंबून नसते.

मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणतील. तेव्हा हे विचारा: नमुने कोण आणतं, पुलची नोंद होते का, जुने गोठवलेले नमुने कोणत्या नोंदीसह ठेवलेत, आणि पावसात हार्बर लोकल बंद पडली तर त्या दिवशीचा नमुना २४ तासांच्या आत कोण प्रक्रियेला घेतं.