एक्झॉस्ट बदलल्यावर ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर लावताय? आधी या चुका टाळा

नवा एक्झॉस्ट बसवला, आवाज मनासारखा आला आणि थोड्याच दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०४२० हा कोड, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कमी पडतोय. लगेच सल्ला मिळतो, 'मागच्या सेन्सरखाली स्पेसर टाक, दिवा जाईल.' मागचा सेन्सर म्हणजे कन्व्हर्टरनंतरचा ऑक्सिजन सेन्सर, आणि स्पेसर म्हणजे सेन्सर व पाइप यांच्यामध्ये बसणारा आट्यांचा छोटा तुकडा. दिवा बऱ्याचदा जातोही. पण तो का लागला होता हे न शोधता स्पेसर चढवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, काय बघतो ते आधी समजून घ्या. कन्व्हर्टरच्या पुढचा साधा झिर्कोनिया सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत खालीवर होत असतो. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि गरजेप्रमाणे सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरचं रीडिंग जवळपास स्थिर राहतं, बहुतेक वेळा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की ईसीयू पी०४२० नोंदवतो. स्पेसर फक्त सेन्सरचं टोक मुख्य प्रवाहातून बाहेर ओढतो आणि त्याचं रीडिंग संथ करतो. धूर त्याने तसूभरही स्वच्छ होत नाही.

म्हणून स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे ग्राफ एकाखाली एक लावा, इंजिन पूर्ण गरम करा आणि स्थिर आरपीएमवर बघा. मागचा ग्राफ शांत असेल आणि तरी कोड आला असेल, तर संशय आधी गळतीवर घ्या.

एक्झॉस्ट खोलून जोडला की गळती राहण्याची शक्यता मोठी असते, आणि ती कानाला ऐकू येईलच असं नाही. सेन्सरच्या आधी बारीक फट असली तरी एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांमधल्या दाबाच्या खळग्यात बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो. फट पुढच्या सेन्सरजवळ असेल तर ईसीयू मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, समजून पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं आणि जास्तीचं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला तापवतं. इंजिन थंड असतानाच सुरू करा, टेलपाइपवर जाड फडकं काही क्षण धरा आणि फ्लॅंजपाशी, म्हणजे पाइपच्या जोडापाशी, फुसफुस ऐका. साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे दिसतात. गॅस्केटच्या कडेला काळ्या काजळीची रेघ असेल तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही. गॅस्केट बदला, कोड पुसा, गाडी चालवून बघा. अनेकदा विषय इथेच मिटतो.

गळती नसेल तर नव्या कन्व्हर्टरकडे बघा. मूळ कन्व्हर्टरच्या जाळीत दर चौरस इंचाला साधारण ४०० किंवा जास्त कप्पे असतात, स्पोर्ट्स प्रकारात बऱ्याचदा २००. कप्पे कमी, म्हणजे लेप कमी आणि ऑक्सिजन साठवायची ताकदही कमी. यावर खरा इलाज चांगल्या प्रतीचा कन्व्हर्टर हाच. आणि कन्व्हर्टर काढूनच टाकला असेल, तर स्पेसर लावून दिवा विझवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन ऑक्साइड मागच्या माणसाच्या तोंडावर सोडून गाडीला 'सगळं ठीक' म्हणायला लावणं. रस्त्यावरच्या गाडीत असं करणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे.

मग स्पेसर हवा कुठे? नव्या पाइपवर वेल्ड केलेला नट चुकीच्या खोलीवर असेल, सेन्सरचं टोक गरजेपेक्षा आत जात असेल किंवा हीट शील्डला अडत असेल, तिथे स्पेसरला अर्थ आहे. तोही फक्त मागच्या सेन्सरला. पुढच्या सेन्सरला कधीही नाही, कारण इंधनाचं मुख्य गणित त्याच्यावर चालतं. वाइडबँडला, म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण नेमकं मोजणाऱ्या सेन्सरला, तर हात लावूच नका.

बसवताना बहुतेक घोळ आट्यांत होतो. बहुतेक सेन्सरचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेले, असतात. ते आधी हातानेच पूर्ण चढले पाहिजेत. अडलं की पाना लावून रेटू नका, वाकडे चढलेले आटे पाइपचा नटही खराब करतात. स्टेनलेस स्पेसर स्टेनलेस नटात कोरडा घातला तर आटे एकमेकांना घट्ट धरून बसतात, म्हणून निकेलवालं अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं मलम, फक्त आट्यांना लावा. टोकाला त्याचा थेंबही नको. सिलिकॉन सीलंट तर जवळपासही आणू नका, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. स्पेसरमुळे एकाचे दोन जोड होतात, त्यामुळे दोन्हीकडे वायसर हवाच. टॉर्क साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर असतो, पण गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा.

सेन्सरचं टोक खालच्या बाजूला झुकलेलं आणि सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर असू द्या. नाहीतर साचलेलं पाणी गरम सिरॅमिकला तडा देतं. वायर ताणून बांधू नका, इंजिन माउंटवर हलतं. वायर तोडून सोल्डर करू नका आणि कनेक्टरमध्ये कॉन्टॅक्ट स्प्रे मारू नका; अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी हवा वायरच्या आतूनच घेतात.

एवढं करून कोड पुसलात की लगेच निकाल धरू नका. स्कॅनरवर कॅटॅलिस्ट मॉनिटर, म्हणजे ईसीयूची कन्व्हर्टर तपासणारी चाचणी, 'पूर्ण' दिसेपर्यंत गाडी शहरात आणि हायवेवर दोन्हीकडे चालवा. मग लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात सातत्याने करत असलेली टक्क्यांतली कमी-जास्त, बघा. ते दहा टक्क्यांच्या वर किंवा खाली गेलं असेल, किंवा पी०१३९ म्हणजे मागचा सेन्सर संथ झाल्याचा कोड आला असेल, तर स्पेसर काढा आणि नट योग्य जागी पुन्हा वेल्ड करून घ्या.