बँड टाईट करायला मुंबईला निघताय? कार्ड घेतलं का?

आधी कार्ड. बाकी सगळं नंतर. वजन उतरवण्यासाठी जठराला बँड बसवतात, त्या ऑपरेशननंतर घरी सोडताना फाईलमध्ये एटीएम कार्डाएवढं एक कार्ड देतात, त्यावर बँडची कंपनी, मॉडेल, साईज आणि सिरीयल नंबर असतो. त्याच्याबरोबर एक छोटी वही किंवा नुसता कागद असतो, कुठल्या तारखेला बँडमध्ये किती मिली सलाईन भरलं त्याची नोंद असलेला. दोन्ही घ्यायचं. मी दोन्ही विसरले होते, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

निमित्त असं की मैत्रिणीच्या जावेचा फोन आला. तिचा बँड बरीच वर्षं पोटात आहे, मध्ये तीन वर्षं कोणाला दाखवलेलाच नाही, वजन परत चढायला लागलंय आणि आता मुंबईला जाऊन टाईट करून घ्यायचाय. काय काय नेऊ, म्हणाली. अर्धा तास बोलून माझा घसा बसला. तिला सांगितलं, थांब, लिहूनच देते.

ज्यांना बँड म्हणजे नक्की काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजून वाटतं की माझं पोट शिवलंय. तसं नाही. यात जठर कापत नाहीत, आतड्याची वाट बदलत नाहीत. दुर्बिणीतून जठराच्या अगदी वरच्या टोकाला सिलिकॉनचं एक कडं बसवतात. कड्याच्या वर जठराचा जेमतेम १५ ते ३० मिलीचा कप्पा राहतो, म्हणजे कटिंग चहासुद्धा एका वेळी मावणार नाही एवढा. कड्याची आतली बाजू पोकळ, सायकलच्या ट्यूबसारखी. त्या ट्यूबला एक बारीक नळी, आणि नळीचं दुसरं टोक पोटाच्या कातडीखाली स्नायूला शिवलेल्या पोर्टला. पोर्ट म्हणजे ट्यूबचा व्हॉल्व म्हणा. त्यात सुई घालून सलाईन भरलं की ट्यूब फुगते आणि वाट अरुंद होते. काढलं की सैल.

आणि खरी गंमत अशी की बँड काही अन्न अडवून धरून वजन उतरवत नाही. नीट चावलेला लहान घास मिनिटभरात कड्यातून खाली जातो. पण जाताना कड्याजवळच्या भागावर दाब पडतो, तिथल्या नसा मेंदूला कळवतात, आणि चार-सहा घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. दोन जेवणांच्या मधली भूकही बोथट होते. हा दाब बरोबर असेल तरच हे सगळं घडतं. सैल असेल तर बँड म्हणजे पोटात ठेवलेला दागिना, उपयोग शून्य. फार टाईट असेल तर त्याहून वाईट, कारण मग भाकरी-भाजी जात नाही आणि माणूस आईस्क्रीम, श्रीखंड, उसाचा रस यांवर येतो. ते मात्र कड्यातून सुळकन खाली जातं. उलट्या करूनही वजन वाढवणारी माणसं मी पाहिली आहेत. एक तर आरशातच.

म्हणजे ऑपरेशन झालं की काम झालं असं नसतं. काम भरण्यात आहे. पहिल्यांदा साधारण ४ ते ६ आठवड्यांनी भरतात आणि मग गरजेप्रमाणे थोडं थोडं. आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरलं तरी खूप झालं. दोन वर्षांत जादा वजनाच्या, म्हणजे नसायला हवं होतं त्या वजनाच्या, ४० ते ५० टक्के उतरलं तर बँड चांगला चालला म्हणतात. शेजारची जठराची बायपास केलेली सहा महिन्यांत अर्धी झाली म्हणून रडायचं नाही.

आता माझी गोष्ट. माझं ऑपरेशन २०१२ चं, मुंबईत. पुढच्या वर्षी पावसाळ्यात तिसऱ्यांदा भरायला गेले. बॅगेत काय नव्हतं? मानेची उशी, स्वेटर, बीपीच्या गोळ्या, थर्मास, ह्यांचा चिवडा. रुग्णालयात गेले तर माझे डॉक्टर तिथून गेलेले. नवे डॉक्टर तरुण, शांत. त्यांनी विचारलं, बँड कुठला? मी म्हटलं, कार्डावर आहे. किती मिलीचा? कार्डावर आहे. आत्ता आत किती आहे? वहीत आहे. कार्ड आणि वही कुठे? नाशिकला, इंदिरानगरला, गोदरेजच्या कपाटाच्या लॉकरमध्ये, विम्याच्या कागदांच्या पिशवीत. सासूबाईंना फोन लावला, कपाट उघडा आणि नुसते आकडे वाचून दाखवा. त्या म्हणाल्या, किल्ली? किल्ली माझ्या पर्समध्ये. पर्स माझ्या मांडीवर.

तुम्ही म्हणाल, सुई घालून आतलं सगळं बाहेर काढायचं आणि मोजायचं. काढलं की त्यांनी. साडेतीन मिली निघालं. पण साडेतीन म्हणजे भरलं होतं तेवढंच, की चार भरलं होतं आणि त्यातलं अर्धा मिली गळून गेलं? मला आठवेना, चार की साडेतीन. नळीला कुठे भोक असेल तर आणखी भरून काय उपयोग? शिवाय बँड ४ मिलीचेही असतात, १० चेही आणि १४ चेही. चारच्या बँडमध्ये साडेतीन म्हणजे जवळजवळ गच्च, चौदाच्यात साडेतीन म्हणजे सुरुवात. त्यांनी साडेतीन परत भरलं आणि म्हणाले, कार्ड घेऊन या. त्यांचं काही चुकलं नाही. येता-जाता साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, कसाऱ्याला दीड तास ट्रॅफिक, आणि घरी येऊन वही उघडली तर काय लिहिलेलं? ३.५. म्हणजे गळती नव्हतीच. वही असती तर दहा मिनिटांत अर्धा मिली भरून मोकळी झाले असते. पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली, मध्ये गणपती आले, दोन किलो चढले. एकवीस मोदकांच्या ताटाला दोष देणार नाही, दोष माझा.

म्हणून कार्ड. दोन्ही बाजूंचा फोटो मोबाईलमध्ये, एक नवऱ्याच्या किंवा मुलीच्या मोबाईलमध्ये, आणि मूळ कार्ड पर्समध्ये. वहीच्या शेवटच्या पानाचाही फोटो. ऑपरेशनची डिस्चार्ज समरी सापडली तर तीही. हे फक्त भरायच्या दिवसापुरतं नाही. उद्या अपघात झाला, दुसरं काही ऑपरेशन निघालं, एंडोस्कोपी करायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरला पोटात काय आहे हे कळायला नको?

तारीख घेतानाच फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या. बँड भरणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का. ह्युबर सुई आहे का, कारण साध्या इंजेक्शनच्या सुईने पोर्टच्या सिलिकॉनला भोक पडतं आणि मग तो गळतो. ह्युबर सुईचं टोक वेगळं असतं, ती काढली की सिलिकॉन आपलं आपण मिटतं. कोणी म्हणालं ‘आपल्याकडच्याच सुईने करू’ तर उठून या, खरंच उठून या. आणि तिसरं, पोर्ट हाताला लागला नाही तर एक्स-रेखाली बघायची सोय आहे का. हे विचारावं लागतं, कारण बँड आता मागे पडलाय. दुर्बिणीतून बँड बसवायला १९९३ मध्ये बेल्जियममध्ये सुरुवात झाली, अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली, मग काही वर्षं सगळीकडे बँडच बँड. आता बहुतेक जण स्लीव्ह करतात, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढतात, कारण बँड सरकणं, जठरात रुतणं, पोर्ट बिघडणं अशा तक्रारींमुळे बऱ्याच जणांना तो पुढे काढावा लागला. बँड बरा की स्लीव्ह हा वाद इथे घालू नका. आमच्या पोटात तो आहे आणि भरणारे हात कमी होत चाललेत, एवढंच. नवा डॉक्टर भेटण्याची शक्यता जास्त, म्हणून पुन्हा तेच: कार्ड.

निघण्याच्या आधीचा आठवडा खाण्याची नोंद ठेवा. खोटी नको. किती खाल्लं, किती वेळात खाल्लं, परत भूक कधी लागली, काय अडकलं, उलटी कितीदा. दोन तासांत परत भूक लागत असेल आणि वाटीऐवजी ताट रिकामं होत असेल तर बँड सैल आहे. रात्री आडवं झाल्यावर खोकला, तोंडात आंबट पाणी, पोळी गिळताना छातीत दगड, ही टाईट असल्याची खूण, आणि अशा वेळी भरायचं नाही, काढायचं असतं. बऱ्याच बायका हे लपवतात, कारण त्यांना वाटतं उलट्या होतात म्हणजे बँड चाललाय. नाही चाललेला. सारख्या उलट्यांनी बँड जागचा सरकू शकतो. पोटात जोरात दुखून उलट्या थांबतच नसतील, थुंकीसुद्धा खाली उतरत नसेल, तर मुंबईची तारीख बघत बसू नका, तडक जवळचं मोठं रुग्णालय गाठा. आणि तिथेही कार्ड दाखवा.

गोळ्यांची यादी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी फोनवर सांगा. गुडघेदुखीच्या पेनकिलर मनाने घेत असाल तर तेही सांगा, बँडवाल्या जठराला त्या चांगल्या नाहीत. ताप असेल, पोर्टवरची कातडी लाल झाली असेल तर जाण्याआधी कळवा. कपडे दोन भागांचे, पंजाबी ड्रेस बरा. नऊवारी नेसून कोणी जाणार नाही, पण सहावारीही नको, टेबलावर पडल्यावर निऱ्या सावरत बसावं लागतं.

सकाळी हलकं खा आणि सुईच्या आधी दोन-तीन तास काही नको. बेरियम, म्हणजे एक्स-रेत दिसणारं पांढरं औषध, पाजणार असतील तर किती तास उपाशी ते त्यांनाच विचारा. आदल्या दिवशी ‘शेवटची एकदा’ म्हणून मिसळ खाऊ नका. तर्री जाते, पाव अडकतो. मऊ पाव, मऊ भात, ताजी पोळी, ही दिसायला गरीब पण कड्यात गोळा होऊन बसणारी मंडळी. त्यापेक्षा कडक भाजलेली भाकरी बरी, चावावीच लागते.

प्रवास. पंचवटी एक्सप्रेसने गेलात तर नाशिकरोडला सकाळी लवकरच हजर राहावं लागतं, पण ती वेळेचा अंदाज देते. गाडीने गेलात तर इगतपुरीपासून पुढे समृद्धी महामार्ग आता खुला झाला आहे, घाटातली ती जुनी रखडपट्टी चुकते. इगतपुरीचा वडा जाताना नाही. येताना तर मुळीच नाही. आणि ‘त्याच दिवशी परत येऊ’ हे डोक्यातून काढा. भरल्यावर आतून थोडी सूज येते, संध्याकाळपर्यंत बँड दुपारपेक्षा टाईट वाटू शकतो. तुम्ही कसाऱ्याच्या वळणावर असताना पाणी उतरेनासं झालं तर काय कराल? ठाण्याला किंवा दादरला कोणी नातेवाईक असेल तर एक रात्र राहा. घरात पाहुणी आली म्हणून पुरणपोळी करतील, आधीच सांगून ठेवा.

टेबलावर उताणं झोपवतात, डोकं जरा उचलायला सांगतात, म्हणजे पोटाचे स्नायू घट्ट होतात आणि पोर्ट हाताला लागतो. सुई टोचते तेवढंच, इंजेक्शनपेक्षा फार नाही. भरून झालं की उठून बसा आणि तिथेच ग्लासभर पाणी घोट घोट प्या. हे न करता बाहेर पडू नका. पाणी सरळ उतरलं तर ठीक, छातीत साचल्यासारखं झालं तर लगेच सांगा, थोडं काढतात. लाजू नका, मागे रांग आहे म्हणून घाई करू नका. आणि चप्पल घालायच्या आधी वही पुढे करा: तारीख, आधी किती होतं, आता किती, सही. डॉक्टर म्हणतील आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. असू दे. आपल्या वहीतही हवं. लगेच फोटो.

नंतरचं थोडक्यात. दोन दिवस पातळ: ताक, वरणाचं पाणी, गाळलेलं सूप. मग दोन दिवस मऊ. मग नेहमीचं, लहान घास, आधी डाळ-उसळ-पनीर-अंडं, मग भाजी, पोट भरलं की थांबायचं, जेवताना पाणी नाही. डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर चालायला दुसऱ्या दिवसापासून हरकत नाही. पुढची तारीख तिथूनच घेऊन निघा.

घरी आल्यावर कार्ड परत लॉकरमध्ये टाकू नका, फ्रिजवरच्या डब्यात ठेवा. आणि ठेवायचंच असेल लॉकरमध्ये, तर जाताना कपाटाची किल्ली सासूबाईंकडे देऊन जा.