गाईची वार अडकू नये म्हणून तयारी उन्हाळ्यातच करा

जून-जुलैत विणाऱ्या गाईचे शेवटचे दोन महिने आपल्या नागपूरकडे नेमके नवतपाच्या (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांच्या) तडाख्यात जातात. पारा 45 अंशांवर, हिरवा चारा संपलेला आणि गव्हाणीत सोयाबीन-तुरीचे कुटार नाहीतर धानाची तणस. वार (वासरामागून पडणारे गर्भाचे आवरण, काही गावांत जार) अडकण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते.

वार गर्भाशयाला बटणासारख्या शंभरेक गाठींनी धरून असते. गाय व्यायल्यावर या गाठी सोडवण्यात तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा मोठा वाटा असतो, आणि त्या पेशींना जीवनसत्त्व ई व सेलेनियम लागते. हिरव्या पाल्यात जीवनसत्त्व ई भरपूर असते, वाळल्या कुटारात फारच थोडे उरते. म्हणून ओलिताखाली थोडा जरी मका किंवा नेपियर असेल, तर त्यातला पहिला वाटा गाभण गाईचा. दुभतीला नंतर द्या. हिरवे अजिबात नसेल, तर विण्याच्या तीन-चार आठवडे आधी पशुवैद्यकाकडून जीवनसत्त्व ई-सेलेनियमचे इंजेक्शन देऊन घ्या. स्वतः टोचू नका, सेलेनियम जास्त झाले तर विषबाधा होते.

दूध विण्याआधी 60 दिवस आटवा. खनिज मिश्रण रोज 50 ग्रॅम द्या. मात्र शेवटच्या तीन आठवड्यांत वरून कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. आयते कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतले काढून वापरायची शरीराची सवय मोडते, आणि ऐन विण्याच्या वेळी ते कमी पडून गर्भाशयाच्या कळा मंदावतात. कॅल्शियम द्यायचे ते व्यायल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

उन्हाने बेजार झालेली गाय दिवस भरण्याआधीच विते आणि कच्च्या गाठी सुटत नाहीत. गोठ्याला ओले बारदान बांधा, दुपारी अंगावर पाणी मारा, प्यायला गार पाणी कायम समोर असू द्या.

वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, ही चाल अजून कित्येक घरी आहे. ती सोडाच. वासरू आचळाला लागले की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते आणि गर्भाशय आकुंचन पावते, म्हणजे वार पडायला मदतच होते. वासरालाही पहिल्या तासाभरात चीक मिळायला हवा, उशीर झाला की रोगप्रतिकारशक्ती त्याच्या रक्तात नीट उतरत नाही.

एवढे करूनही 12 तासांत वार पडली नाही, तर पशुवैद्यकाला बोलवा किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. लोंबत्या वारेला दगड-चप्पल बांधणे, हाताने ओढणे यात गर्भाशय फाटते, सडते आणि गाय पुढे उलटत राहते, म्हणजे गाभण ठरत नाही. ताप आला, वास सुटला, खाणे सुटले तर 12 तासांचीही वाट पाहू नका.

सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली (गर्भ पडला) आणि वारही अडकली, तर ब्रुसेल्ला या जंतूंमुळे होणाऱ्या रोगाची शंका घ्या व रक्त तपासा. हा रोग माणसालाही होतो, विशेषतः वारेला उघडा हात लागला तर. हातमोजे घाला, पडलेली वार कुत्र्यांच्या तोंडी न देता चुना टाकून खोल पुरा. गोठ्यातल्या 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेल्लाची लस टोचून घ्या. ती आयुष्यात एकदाच द्यायची असते, गाभण गाईला मात्र कधीच नाही.