अमेरिकेत ट्रक चालवायचाय, पण आधी गांजा ओढलाय? मग हे वाचा

ग्रीन कार्ड आलं की सीडीएल (ट्रकसारख्या मोठ्या गाड्यांचं व्यावसायिक लायसन्स) काढून ट्रकवर चढायचं असं ठरवून बसलेली आपली इंदूरची पोरं एकच विचारतात, कॉलेजात ओढलेला गांजा आता नडेल का. जुना ओढलेला सहसा नडत नाही, ट्रकवाल्यांची ड्रग टेस्ट फेल झाली तर मात्र चांगलंच नडतं, म्हणून आधी बंद करा अन् मगच अर्ज भरा, घाई नको.

टेस्ट लघवीची असते, गांजा, कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, ओपिऑइड आणि पीसीपी बघतात. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, चरबीत बसतं, त्यामुळे एखाद वेळी ओढणाऱ्याचं ३-४ दिवसांत निघून जातं पण रोजवाल्याला महिना किंवा जास्तही लागतो.

आणि भिया, भांग पण त्यातच आली! सरकारी ठेक्यावर मिळते म्हणून ती वेगळी असं आपल्याकडे सगळे धरून चालतात, पण रंगपंचमीला राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) बघितली, भांगेची ठंडाई मारली अन् पुढच्या आठवड्यात तिकडे टेस्ट दिली तर लॅबला दोन्ही सारखंच दिसणार. रिपोर्ट तपासणारा डॉक्टर फोन करतो, त्याला "आमच्या गावात चालतं" सांगून उपयोग नाही, अहो कॅलिफोर्नियात दुकानात मिळतो तो गांजासुद्धा ट्रकवाल्याला चालत नाही कारण नियम केंद्राचा आहे. गांजाच्याच झाडापासून काढतात त्या सीबीडी तेलाचंही तेच.

डिटॉक्सची सरबतं, दुसऱ्याची लघवी वगैरे डोक्यातून काढा. बाटली हातात घेतल्यावर ४ मिनिटांत तापमान बघतात, साधारण ३२ ते ३८ डिग्री पाहिजे, नाहीतर लगेच दुसरा नमुना, तोही समोर माणूस उभा करून. लघवी होत नसेल तर ३ तास अन् पाणी देतात, पण कंटाळून निघून गेलात तर ते नकार धरतात, म्हणजे फेलच. काही कंपन्या वरून अंगावरचे केसही तपासायला घेतात, त्यात साधारण ९० दिवसांचं दिसतं, तर कंपनीला आधीच विचारून घ्या.

मेडिकलच्या फॉर्मवर गेल्या २ वर्षांत बेकायदा नशा केली का असा प्रश्न असतो, तिथे खरंच लिहा, खाली तुमची सही असते अन् खोटं सापडलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं.

तरी फेल झालात तर नाव क्लिअरिंगहाउसमध्ये, म्हणजे अशा ड्रायव्हरांच्या सरकारी नोंदवहीत जातं, २०२० पासून चालू आहे ते, नोंद ५ वर्षं तरी राहते. नोव्हेंबर २०२४ पासून तर सीडीएलच खाली उतरवतात, म्हणजे ट्रक चालवायचा हक्कच जातो. परत यायला सॅप म्हणतात त्या समुपदेशकाकडे जा, तो सांगेल ते पूर्ण करा, मग समोर माणूस उभा करून टेस्ट, अन् कामावर लागल्यावर पहिल्या १२ महिन्यांत अचानक किमान ६ टेस्ट, आणि बहुतेक वेळा सॅपची फी आपल्याच खिशातून.