दोन्ही स्पीकर एकत्र लावले की बेस गायब (माझा अनुभव)

कोल्हापुरातच सेकंडहँड स्पीकरची जोडी घेतली, स्वस्तातला छोटा क्लास डी जातीचा अँप्लिफायर (अँप) जोडला. लक्षण असं, एकेक वेगळा वाजवला तर झकास, दोन्ही एकदम लावले की बेस गायब आणि गाणाऱ्याचा आवाज मधनं यायच्या ऐवजी खोलीभर पसरलेला. इक्वलायझर, नवी वायर, जागा बदलणं, काय बी फरक नाही. डोस्कं पार फिरलं.

शेवटी अँप बंद करून दोन्ही स्पीकरच्या वायरी काढल्या, जाळ्या काढल्या, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला, प्लस लाल टर्मिनलला, मायनस काळ्याला, नुसतं क्षणभर टेकवायचं, धरून ठेवायचं नाही. वूफरचा (खालचे सूर वाजवणारा मोठा गोल) कोन, म्हणजे हलणारा पडदा, बाहेर आला तर बरोबर. माझ्या उजव्याचा आत गेला, म्हणजे आतल्या वायरी उलट्या (ट्वीटरकडं, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या गोलाकडं, बघू नका, तिथं काय दिसत नाही). बॉक्स न उघडता त्या एकाच स्पीकरची मागची लाल-काळी वायर अदलाबदल केली. दोन्हींची केली तर परत तेच रडगाणं, कारण एक कोन पुढं आणि दुसरा मागं गेला की खालचे सूर एकमेकांना खातात. मग मोबाईलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ (दोन्हीकडं एकच सारखा आवाज) ऑन करून दोन्हींच्या बरोबर मधी बसलो: आवाज मधोमध, आणि तबल्याचा डग्गा नाद खुळा!